काढलेला साडीगार्ड

यंदा कोहरा लवकर आला. आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं धुक्याला धुकं म्हणत नाही, कोहराच म्हणतो. धुकं हा शब्द आमच्याकडे पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडी असतो आणि तो आम्हाला जरा पातळ वाटतो. इथला कोहरा जाड असतो. सकाळी दार उघडावं तर समोरच्या घराचं गेट नाही, गुलमोहर नाही, विजेचा खांब नाही. दूधवाल्याची सायकल आधी ऐकू येते आणि मग दिसते. दर्पण कॉलनीतली सगळी घरं एकमेकांना दोन-तीन तासांसाठी विसरून जातात.

एके काळी या दिवसांची मी वर्षभर वाट पाहायचो. तीळ-गुळाच्या गजकीचा खमंग वास, मिठाची पूड लावलेले पेरू, गच्चीवर उन्हात पसरलेल्या रजया, दर हिवाळ्यात भरणाऱ्या व्यापार मेळ्याच्या पाळण्यांचे दुरून दिसणारे दिवे. आताही हे सगळं मला आवडतं. पण आवडतं हे मी फारसं बोलून दाखवत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मी आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद भोगला आणि त्याच हिवाळ्यात माझ्या हातून जे झालं, ते मी पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही. कोहरा पडला की दोन्ही एकदमच आठवतात, एकाला सोडून दुसरं आठवता येत नाही.

त्या वर्षी मी मोटरसायकल घेतली.

आमच्याकडे गाड्या मेळ्यातच घेतात. करात सूट मिळते हे कारण सगळे सांगतात, पण खरं कारण मिरवण्याचं असतं. मी एकतीस वर्षांचा होतो. शहराच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळच्या एका विम्याच्या कचेरीत नोकरी करत होतो आणि इतकी वर्षं माणसं कोंबून नेणाऱ्या तीनचाकी टेम्पोत गुडघे पोटाशी घेऊन जात-येत होतो. साडेतीनशे सीसीची ती काळी गाडी मेळ्याच्या मंडपात पहिल्यांदा सुरू करून दाखवली, तेव्हा तिचा आवाज माझ्या बरगड्यांना जाणवला. घरी आणली तेव्हा आईनं औक्षण केलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ताई मशीनवरून उठून बाहेर आली, तिच्या बोटांना अजून सुताचे तुकडे चिकटलेले होते. तिनं सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शिलाई छान आहे रे. दुहेरी टाका आहे."

कुंदाताई माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होतो. ताईनं एम. ए. अर्धवट सोडलं आणि पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं. साड्यांना फॉल लावणं, पिको करणं, ब्लाउज शिवणं. हळूहळू तिचं नाव इतकं झालं की लग्नाच्या मोसमात मुरारहून, थाटीपूरहून नवऱ्यामुली तिच्याकडे ब्लाउज शिवायला यायच्या. हातशिलाई ती मशीनला कधीच करू द्यायची नाही. काजं, हुकं, गळ्याची तुरपाई सगळं बोटांनी. ती म्हणायची, "मशीन शिवतं. हात बसवतो." माझी शाळा, कॉलेज, पहिल्या मुलाखतीचा शर्ट, सगळं त्या हातानं बसवलेलं होतं. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मी मात्र त्या हिवाळ्यात फक्त गाडीचा होतो.

नव्या गाडीचं सुख काय असतं हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी खाली जायचो. कोहऱ्यात तिच्या टाकीवर पाण्याचे बारीक थेंब बसलेले असायचे. ते पुसायला मी माझी जुनी मलमलची बनियन ठेवली होती. आधी कोरड्या कपड्यानं, मग ओल्यानं, मग पुन्हा कोरड्यानं. चाकाच्या एकेका तारेवरून बोट फिरवायचो. ऑफिसात असताना खिडकीतून तिच्याकडे पाहायचो. कुणी तिला टेकून उभं राहिलं तर माझा जीव वरखाली व्हायचा. पहिल्या रविवारी भर उन्हात मी तिला किल्ल्यावर घेऊन गेलो. चढावर तिनं जराही कुरकुर केली नाही. वर पोचल्यावर मी तिचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि खाली पसरलेल्या शहराचा एकही काढला नाही.

मग तिला सजवायची भूक लागली. मामा हसून म्हणाले, "अरे, आपले पणजोबा शिंद्यांच्या फौजेत स्वार होते. घोडं सजवायचं आपल्या रक्तातच आहे." मामा शिंदे की छावणीत राहायचे आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच हमीदभाईंचं गॅरेज होतं. साठीचा, हडकुळा, कानात अत्तराचा बोळा असलेला माणूस. गाडीशी बोलताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. दर शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचो. हँडल बदललं, थोडं सरळ आणि रुंद घेतलं. आरसे हँडलच्या टोकांना लावले. मागचं लांबलचक मडगार्ड कापून आखूड केलं. टाकीचा काळा रंग घासून काढून गर्द हिरवा दिला, चमक नसलेला, वडाच्या जुन्या पानासारखा. हमीदभाईंच्या ओळखीचे एक पेंटर होते. त्यांनी श्वास रोखून, एका फटक्यात, टाकीच्या दोन्ही बाजूंनी सोनेरी रेघ ओढली. रेघ पुरी होईपर्यंत गॅरेजात कुणी बोललं नाही. तो क्षण आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. इतकं सुंदर काही आपल्या मालकीचं असू शकतं, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

शेवटी राहिला साडीगार्ड. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला असलेली ती लोखंडी जाळी, खाली बायकांना पाय ठेवायला पट्टी. इतक्या देखण्या गाडीला ती जाळी म्हणजे नव्या सुटाला लटकलेली भाजीची पिशवी वाटायची. इंटरनेटवर मी पाहिलेल्या एकाही सजवलेल्या गाडीला ती नव्हती.

हमीदभाई पाना हातात घेऊन थांबले. "भैया, इसको रहने दो. घर में लेडीज़ बैठती होंगी."

"नहीं उस्ताद, मैं अकेला ही चलाता हूँ," मी म्हणालो.

ते खोटं होतं. त्याच आठवड्यात मी ताईला दोनदा बाजारात नेलं होतं. पण खोटं बोलतोय असं मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांसमोर गाडी होती आणि तिच्यावर मी एकटाच बसलेला होतो. चार बोल्ट निघाले, जाळी निघाली आणि मागचं चाक पूर्ण उघडं झालं. काय सुंदर दिसली गाडी! घरी पोचेपर्यंत दोनदा थांबून मी तिच्याकडे मागं वळून पाहिलं.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी ताईला मामांकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. आई आधीच शेजारणीबरोबर ऑटोनं गेली होती. ताईनं हिरवी रेशमी साडी नेसली होती, अंगावर शाल, हातात तिळाच्या वड्यांचा डबा. ती मागं बसली आणि सवयीनं पाय खाली सोडला. पाय अधांतरी राहिला.

"पाय कुठे ठेवू रे? पट्टी कुठे गेली?"

"काढली. तिथे खुंटी आहे बघ, तिच्यावर ठेव."

"आणि जाळी?"

"अगं बस ना, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. हळू चालवतो."

ती बसली. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातानं मांडीवर डबा आणि पदर दाबून धरलेला. मी खरंच हळू चालवत होतो. एवढं माझ्या बाजूनं सांगता येतं, म्हणून ते मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे. छावणीच्या अलीकडे एक उंच गतिरोधक आला. गाडी उचलली, डबा घसरला, तो धरायला ताईनं हात पुढे केला आणि पदर सुटला.

मला आधी खांद्यावरचा हात निघालेला कळला. मग मागं काहीतरी खेचल्यासारखं झालं, चाक जड झालं आणि कापड फाटल्याचा लांब आवाज आला. मी थांबून वळलो तर ताई रस्त्यावर होती. उजवा हात अंगाखाली. तिळाच्या वड्या सगळीकडे पसरलेल्या. लोक धावले. एका भाजीवालीनं स्वतःची शाल काढून ताईच्या कमरेभोवती गुंडाळली, कारण निम्मी साडी माझ्या चाकात होती. ताई ओरडली नाही. ती फक्त म्हणत होती, "श्री, आधी मला झाक. आधी मला झाक रे."

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. आई दवाखान्यात आली. ताईला आत प्लास्टर घालायला नेलं, तेव्हा मी आईला सांगितलं, "गाडी रस्त्यातच आहे, घेऊन येतो." आईला वाटलं, पोरगा घाबरलाय, जाऊ दे जरा. मी रस्त्यावरून गाडी ढकलत सरळ हमीदभाईंकडे नेली. वाटेत एकच विचार डोक्यात होता. ताईचा हात नव्हे. संध्याकाळी मामा येतील, गाडी पाहतील आणि विचारतील, जाळी कुठे आहे?

 खाली बसून हमीदभाईंनी ब्लेडनं चाकातलं हिरवं रेशीम कापून काढलं. बराच वेळ लागला. एकेक धागा तारांत आवळून बसला होता. मग कोपऱ्यातून जाळी आणून तिचे चारी बोल्ट घट्ट केले. उठताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपने तो कहा था, अकेले चलाते हो."

त्यानंतर मी त्यांच्या गॅरेजात कधी गेलो नाही.

संध्याकाळी मामा आले. गाडीभोवती फिरले, वाकून चाक पाहिलं आणि आत येऊन म्हणाले, "जाळी तर नीट आहे. मग पदर अडकला कसा?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी आई म्हणाली, "हिचंच लक्ष नसतं. जन्मभर दुसऱ्यांच्या साड्या बसवल्या, स्वतःचा पदर सांभाळता येत नाही."

ताई पलंगावर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनं नाही. दुकानात कापड दाखवून झाल्यावर गिऱ्हाईक काय ठरवतंय याची वाट पाहतात, तसं. मी मान खाली घातली. मग ती म्हणाली, "हो मामा. माझाच पदर मोकळा होता."

एवढंच झालं. आणि नंतरची पाच वर्षं हेच होत राहिलं.

प्लास्टर निघालं पण मनगट पूर्ण वळेना. मशीन ती चालवू शकायची, सुई मात्र बोटांत ठरेना. काज करताना धागा सुटायचा. नवऱ्यामुली हळूहळू यायच्या बंद झाल्या. उरलं फॉल-पिको, तेही मशीनवर होईल तेवढंच. गिऱ्हाईक बायका बसल्या बसल्या म्हणायच्या, "दीदी, पल्लू तो सँभालना था ना," आणि ताई म्हणायची, "हाँ, गलती हो गई." मी आतल्या खोलीत ते ऐकायचो. प्रत्येक वेळी एक दार उघडायचं आणि प्रत्येक वेळी मी ते आतून लावून घ्यायचो.

मी गाडी विकली नाही. हेही सांगायला हवं. विकली असती तर निदान काहीतरी भोगलं असं वाटलं असतं. पण ती मला आवडत होती, अजून आवडते. तिची सोनेरी रेघ मी आजही मऊ कापडानं पुसतो. अपराधी माणसाला वस्तूचा तिटकारा येतो असं मला वाटायचं. माझं तसं झालं नाही. आवाज तोच, वळणावरचा झुकाव तोच, कोहरा फाटून ऊन पडल्यावर पहिल्यांदा गिअर टाकतानाचा आनंदही तोच. फक्त त्या आनंदाच्या तळाशी हिरव्या रेशमाचा एक धागा आवळून बसलेला असायचा आणि तो कापायला माझ्याकडे ब्लेड नव्हतं. ताई त्या गाडीवर पुन्हा बसली नाही. "मला टेम्पोच बरा," म्हणायची. आई तिला जाताना दारातून बजावायची, "पदर खोच गं!" शेवटच्या आजारातसुद्धा. दोन वर्षांपूर्वी आई गेली, त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं ताईला जवळ बोलावून सांगितलं, "तुझी काळजी वाटते गं. फार वेंधळी आहेस तू."

यंदाच्या पहिल्या कोहऱ्यानंतर दुपारी स्वच्छ ऊन पडलं. रविवार होता. ताई गच्चीवर चटई टाकून मटार सोलत बसली होती. उजव्या हातात शेंग धरायची आणि डाव्या अंगठ्यानं फोडायची, उलटी. हे मी पाच वर्षं पाहत होतो. त्या दिवशी का कोण जाणे, पाहवलं नाही. मी समोर बसलो आणि म्हणालो, "ताई, त्या दिवशी गाडीला जाळी नव्हती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मीच नाही का विचारलं होतं?"

"नंतर मी जाऊन लावून आणली. तू आत प्लास्टरला होतीस तेव्हा."

"तेही माहीत आहे. गेटमधून आत येताना पहिल्यांदा तेच दिसलं मला."

मटाराचे दाणे पातेल्यात पडत राहिले. मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

तिनं आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाली, "आई तुझ्याकडे त्या नजरेनं पाहील, ते मला नको होतं. आणि मला वाटलं, आठवड्याभरात तूच सांगशील. मग वाटलं, प्लास्टर निघालं की सांगशील. मग होळी झाली. पहिलं वर्षभर मी खरंच वाट पाहिली रे, श्री. मग नाद सोडला."

"ताई, मला माफ..."

"थांब," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तिनं शेंग खाली ठेवली. "हाताचं मला काही नाही. हात कुणाचाही मोडतो. पण आई गेली ती मला वेंधळी समजून गेली. तिला सांगायला हवं होतंस. आता मला सांगून काय?"

 खाली रस्त्यावर रद्दीवाला ओरडत होता. शेजारच्या गच्चीवर मिश्राकाकू लोणच्याच्या बरण्या उन्हात सरकवत होत्या. मी विचारलं, "आता काय करू?"

"मामांना फोन लाव," ताई म्हणाली. "ते अजून आहेत."

मामांना आता नीट ऐकू येत नाही. मी एकदा सांगितलं, त्यांना कळलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं, "मामा, चूक ताईची नव्हती! जाळी मी काढली होती आणि तुम्हाला फसवायला परत लावली!" मिश्राकाकूंचा हात बरणीवर थांबला. त्यांना मराठी चांगली कळते.  पलीकडून मामा म्हणाले, "फोन कुंदाला दे."

ताईनं फोन डाव्या हातानं कानाला लावला. ती "हो" म्हणाली. मग पुन्हा "हो मामा." मग ऐकत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मामा काय म्हणाले ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ऑटो गेटाशी थांबला. मामा एकटेच आले होते. त्यांचं वय ऐंशीच्या घरात, पायऱ्या चढायला त्यांना कठीण जातं. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कठडा धरून वर आले. ताईसमोर खुर्चीत बसले, तिचा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि मनगट हळूच वळवून पाहिलं, जिथे ते अडतं तिथे थांबले.

"पाच वर्षं मीही तेच सांगत फिरलो," मामा म्हणाले. "सगळ्या नातेवाइकांत. कुंदाला पदर सांभाळता येत नाही म्हणून. हसायचो गं आम्ही."

"असू दे मामा," ताई म्हणाली.

"असू दे कसं? मी घरोघरी फोन करणार आहे. आजपासून."

चहा झाला. मामा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. निघताना मी म्हणालो, "मामा, ऑटो मिळणार नाही आता, थंडी वाढली आहे. मी सोडतो तुम्हाला."

ते दारात थांबले. बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको," म्हणाले.

ते हळूहळू चालत कोपऱ्यापर्यंत गेले. मी गेटपाशी उभा राहिलो, बरोबर जायचं धाडस झालं नाही. संध्याकाळचा कोहरा उतरायला लागला होता. आधी त्यांची काठी दिसेनाशी झाली, मग टोपी. कुठूनतरी ऑटोचा आवाज आला, थांबला आणि पुन्हा सुरू झाला. 

आतून ताईची हाक आली, "श्री, दार लाव. गारठा येतोय."